गाळून, उकळून, गार करून

“पावणं, जाळ बारीक करा जरा. गोट्यांना उकळी आली बगा.”

आक्कांनी परड्यातून हाक मारली तेव्हा मी पुढच्या खोलीत सुव्रताच्या प्लास्टर घातलेल्या पायाखाली उशी सरकवत होतो. आक्का म्हणजे सुव्रताची आई, माझ्या सासूबाई राजमतीआक्का. मी मागं गेलो तर चुलीवर मोठं पातेलं, पातेल्यात माशांच्या टाकीतले लाल-पांढरे गोटे, आणि ते खरोखरच खदखदत होते. टाकी लिंबू-मिठानं आतून-बाहेरून घासून उन्हात उपडी घातली होती. पाणी गाळायच्या छोट्या यंत्रातला स्पंज रिठ्याच्या फेसात बुडाला होता.

“आक्का, टाकी देताना बँकेतले बिराजदार म्हणाले होते, धुवायची काही गरज नाही. आहे तशीच मांडा म्हणून.”

“त्यांच्यात नसंल गरज,” आक्का म्हणाल्या. “बोटभर चिखल हुता गोट्यांत. त्यात जिवांना ठेवायचं व्हय?”

मी लाकूड मागं ओढलं आणि जाळ बारीक केला. सासूबाईंच्या पुढं जास्त बोलायची माझी टाप नव्हती.

या गोष्टीला वीस-बावीस वर्षं झाली. आम्ही तेव्हा मिरजेत राहत होतो. सुव्रता स्कूटरवरून पडली, पाय मोडला, आणि बघणारं कुणी नाही म्हणून आम्ही दोघं तिच्या माहेरी, जयसिंगपूरला, आक्कांच्या घरी येऊन राहिलो. घर लहानसं, सातव्या गल्लीतलं. सासरे आधीच वारलेले. मी रोज एसटीनं मिरजेला बँकेत जायचो आणि संध्याकाळी परत यायचो.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. सुव्रता मगदूमांची, म्हणजे जैनांची. पाणी गाळून पिणारी, दिवस मावळायच्या आत जेवणारी, कांदाबटाटा घरात न आणणारी माणसं. आणि मी रघुवीर खोबरेकर, मालवणचा. माझ्या बापाची होडी होती, काका जाळी विणायचा, आणि आमच्या घरात ज्या दिवशी मासा नसेल त्या दिवशी कुणीतरी आजारी आहे असं शेजारी समजायचे. आमचं लग्न रजिस्टर पद्धतीनं झालं. आक्का लग्नाला आल्या नाहीत. वर्षभरानं दार उघडलं, आणि एकदा उघडल्यावर मला कधी वाकडा शब्द बोलल्या नाहीत. उलट मान इतका देत की जवळ जाता येऊ नये. ताटाला पाट, हात धुवायला तांब्या, तोंडात सदा ‘पावणं’. पण माझ्या गावाचं नाव त्यांनी कधी काढलं नाही. बाहेर कुणी विचारलं तर सांगत, “कोकणातले आहेत, बँकेत आहेत.” पुढं काही नाही. त्यांना माझी लाज वाटते, असं मी धरूनच चाललो होतो. त्यात त्यांचाही दोष वाटत नव्हता मला.

तर मासे. सुव्रता दिवसभर पडून पडून कंटाळली होती. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बिराजदारला माशांचा नाद होता. त्यानं नवी मोठी टाकी घेतली होती, जुनी लहान टाकी त्यानं गोटे, यंत्र सगळ्यासकट मला देऊन टाकली. सुव्रताला पडल्या पडल्या बघायला बरं, असा माझा विचार. आक्कांना तो पटला नाही.

“जिवांना कोंडून ठिवायचं?”

“आक्का, मी तरी काय करतेय?” पलंगावरून सुव्रता म्हणाली. “मीही कोंडलेलीच आहे की. सोबत होईल मला.”

लेकीच्या पायाकडं बघून आक्का विरघळल्या. मात्र पाणी मी भरणार, म्हणाल्या. आणि त्यांना जे काय घालायचं ते दिवस मावळायच्या आत.

पाणी भरणं म्हणजे काय, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. आक्का स्वतः जे पाणी पीत तेच त्यांनी माशांना द्यायचं ठरवलं होतं. दुहेरी फडक्यातून गाळून, उकळून, गार करून. घरातली झाडून सगळी भांडी पाण्यानं भरलेली, त्यांवर ताटं झाकलेली. लग्नघरासारखी धांदल. भरून झाल्यावर टाकी अशी चमकत होती की आत पाणी आहे की नाही ते बोट घालूनच कळावं. मी सांगलीहून पाच सोनेरी मासे आणले आणि पिशवीचं तोंड उघडून आत सोडले. ते फिरायला लागले तशी सुव्रता हसली. आक्का पदर तोंडाला लावून बराच वेळ उभ्या होत्या.

“गोड हाईत हो,” त्या म्हणाल्या. पुढं मला सुव्रतानं सांगितलं की आक्का दुपारी टाकीपुढं बसून माशांशी बोलत होत्या. ज्वारीच्या लाह्यांचा चुरा घालून “खावा, खावा, लाजू नका,” म्हणत होत्या.

आठवडा संपता संपता मासे वर आले. म्हणजे मेले नाहीत, पण पाण्याच्या अगदी कडेला तोंडं आणून धापा टाकायला लागले. कल्ले लाल झाले. पाणी मात्र नितळ. त्या नितळपणाचीच मला भीती वाटायला लागली, कारण दोष द्यायला त्यात काही दिसत नव्हतं.

पहिला मासा एका सकाळी आडवा तरंगताना सापडला. मी तो कागदावर घेतला. आक्कांनी परड्यात जास्वंदीखाली खड्डा केला. मग आत येऊन त्यांनी सगळं पाणी काढलं, टाकी परत घासली आणि गाळून, उकळून, गार केलेलं नवं पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी परत. त्यांच्या हिशेबात जिवाला त्रास होतोय म्हणजे कुठंतरी घाण राहिलीय.

मी पीसीओवर जाऊन मालवणला आईला फोन लावला. म्हटलं, कोळणीला माशांतलं कळणार नाही तर कुणाला?

“मासो जगवूचो?” आई म्हणाली. “अरे, जगवतत कशाक? जितो मासो घरात ठेवन काय करतलस तू?”

“बघायला ठेवलेत गं.”

“बघूक? आणि बघून झाल्यावर काय?”

मी फोन ठेवला. खरंच होतं तिचं. आमच्याकडं मासा ओळखतात तो मेल्यावर. डोळे चकचकीत आहेत का, कल्ला लाल आहे का, बोट दाबलं तर मांस वर येतं का. जिवंत माशाला काय हवं असतं, याची आम्हाला कधी गरजच पडली नव्हती.

दुसरा मासा गेला त्या सकाळी आक्का नेहमीप्रमाणं बस्तीत गेल्या. बस्ती म्हणजे त्यांचं मंदिर, गल्लीच्या टोकाला. नेहमीपेक्षा उशिरा परतल्या. चेहरा असा की जणू कुणाशी तरी भांडून आल्यात. चप्पल काढली, पाय धुतले, आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या,

“आजपासनं मी अन्न घेणार न्हाई.”

सुव्रता उठून बसायला गेली आणि पाय दुखावून कळवळली. “म्हणजे काय? कधीपर्यंत?”

“हे तिघं बरे हुईस्तोवर.”

“आक्का! तुला शुगर आहे.”

“पाणी पितो की मी. पाण्यानं काय हुतंय?”

“आक्का,” मी म्हणालो, “मासे मी आणले. तुम्ही कशाला—”

“पावणं,” त्यांनी मला मध्येच थांबवलं, “तुम्ही काय ते बगा माशांचं. माझं मी बगतो.”

हे मला झोंबलं. तुम्ही आणलंत, तुम्हीच निस्तरा, असा त्याचा अर्थ मी घेतला. सुव्रतानं रडून बघितलं, मी हात जोडून बघितलं. डॉक्टरांना बोलावून आणलं. ते म्हणाले, उपाशीपोटी शुगरची गोळी अजिबात द्यायची नाही, रोज माझ्या माणसाला पाठवतो तपासायला, पण हे दोन-तीन दिवसांच्या वर गेलं तर मी दवाखान्यात उचलून नेणार. आक्का त्यांना म्हणाल्या, “चहा घेऊन जावा डॉक्टर.” एवढंच.

त्या दिवसापासून आक्का सकाळी उठल्या की पहिला प्रश्न मला. सुव्रताला नाही, मला.

“पावणं, आज कसं हाईत?”

त्या विचारत आणि माझ्या तोंडाकडं बघत राहत. मला ते उलटतपासणीसारखं वाटे. मी सकाळी उठून टाकीपुढं बसायचो, बँकेतून आलो की पुन्हा बसायचो. समोर ताट आलं तरी घास खाली उतरत नव्हता. घरातली म्हातारी उपाशी आणि आपण आमटी ओरपायची, हे जमत नाही. एकदा मी मेथीची भाजी तशीच टाकून उठलो. आक्कांनी ताटाकडं नुसतं बघितलं आणि उचललं.

उपासाच्या दुसऱ्या दिवशी बँकेत मी बिराजदारला सगळं सांगितलं. आधीच सांगायला हवं होतं, पण त्यानं प्रेमानं दिलेल्या टाकीत मासे मरतायत हे सांगायची लाज वाटत होती. तो मान हलवत ऐकत होता. गोट्यांपाशी आलो तेव्हा त्याची मान थांबली.

“उकळले? गोटे उकळले?”

“चुलीवर.”

“आणि स्पंज?”

“रिठ्यानं धुतला.”

बिराजदार इतका हसला की कॅशियरनं काचेतून बघितलं. मग खुर्ची माझ्याकडं ओढली. “अरे खोबरेकर, मी तुला म्हणालो होतो ना, आहे तशी मांड. तुला वाटलं मी आळशी आहे.”

“आळशी नाही. पण चिखल होता रे त्यात.”

“चिखल नव्हता तो. मासे ज्या पाण्यात राहतात त्यातच सगळं उरकतात. त्याचं विष होतं. ते विष खाऊन संपवणारे बारीक जीव असतात, डोळ्यांना न दिसणारे. ते बसलेले असतात गोट्यांवर आणि स्पंजात. आपल्याला दिसतो तो चिखल. माझ्या टाकीत ते कैक वर्षांत जमले होते. तू टाकी धुतली नाहीस, सगळं गाव उठवलंस. आता तुझं पाणी दिसायला स्वच्छ आहे, पण मासे स्वतःच्याच मुतात मरतायत.”

“मग आता?”

“संध्याकाळी घरी ये. माझ्या मोठ्या टाकीतला एक स्पंज देतो. वाळू द्यायचा नाही. तुझ्या टाकीत पिळ. पाणी घाण दिसेल, दिसू दे. परत धुवायची नाही. रोज तांब्या-दोन तांब्याच बदलायचं, नळाचं शिळं पाणी घालून. आणि दोन दिवस खायला काही घालू नकोस.”

“म्हणजे मासेपण उपाशी.”

“मासेपण म्हणजे? आणखी कोण उपाशी आहे?”

ते त्याला सांगितल्यावर बिराजदार पुन्हा हसला नाही. उठून साहेबांकडं गेला आणि माझ्यासाठी तासाभराची लवकर सुट्टी मागून आला.

स्पंज मी माझ्या जेवणाच्या डब्यात घालून आणला, त्याच्या टाकीतल्या पाण्यात बुडवून. एसटीत डबा मांडीवर सरळ धरून बसलो होतो. घरी आलो तेव्हा आक्का आरतीला बस्तीत गेल्या होत्या. मी सुव्रताला हळूच सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला.

“रघू, हे आक्काला सांगू नकोस.”

“का?”

“अरे, दोन माशांसाठी तिनं जेवण सोडलं. त्या पातेल्यात किती जीव शिजले हे तिला कळलं तर ती काय करील? हजारो असतील ना?”

“बिराजदार म्हणाला, मोजता न येण्याइतके.”

“बघ. मग तिचा उपास कधी सुटायचा?”

हे काही माझ्या लक्षात आलं नव्हतं. मासे वाचवायचे तर सांगायला हवं, नाहीतर आक्का उद्या सकाळी ते गढूळ पाणी ओतून देणार. आणि आक्कांना वाचवायचं तर सांगायचं नाही. आमचं ठरलं की आत्ता स्पंज पिळून घ्यावा, आणि उद्या टाकीला हात लावू नका एवढंच डॉक्टरी थाटात सांगावं. का, ते मागाहून बघू.

मी डबा घेऊन मोरीत गेलो. झाकण काढलं आणि मलाच शिसारी आली. काळाशार, बुळबुळीत, तळ्याकाठच्या शेवाळाचा वास. बुडवायच्या आधी वरचा थर थोडा धुऊन घ्यावा म्हणून मी स्पंज हातात घेतला, नळ सोडला, आणि तेवढ्यात दारातून आवाज आला,

“काय करालायसा, पावणं?”

आक्का आरती अर्धी टाकून परत आल्या होत्या. भोवळ आली म्हणून गल्लीतल्या इंदुमतीकाकूंनी घरापर्यंत आणून सोडलं होतं. चौकटीला धरून उभ्या होत्या, आणि माझे हात कोपरापर्यंत काळे.

थाप सुचत नव्हती असं नाही. सुचत होती, दोन-तीन सुचल्या. पण उपाशी माणूस चौकटीला धरून उभं असताना तोंडातून निघेनात. मी सगळं सांगून टाकलं. चिखल नव्हता, जीव होते. उकळले ते जीव होते. ते नाहीत म्हणून मासे मरतायत. आणि हे दुसऱ्या घरचे आणलेत.

आक्का हळूहळू उंबऱ्यावर बसल्या. आतून सुव्रता विचारत होती, काय झालं, काय झालं.

“म्हंजे त्यात जीव हुते,” आक्का म्हणाल्या.

“होय.”

“आणि मी उकळलं.”

“आक्का, तुम्हाला ठाऊक नव्हतं. ते डोळ्यांना दिसतच नाहीत.”

त्यांनी मान वर केली. मला वाटलं, आता रडणार. पण त्यांच्या आवाजाला चांगली धार होती.

“डोळ्यांना न दिसणारे जीव असत्यात, हे मला सांगालायसा? जन्मभर पाणी गाळून प्यालो ते कशापायी?” मग एकदम, “नळ बंद करा! त्याला नळाचं पाणी लावू नका!”

मी दचकून नळ बंद केला.

“आमच्या माहेरी नांदणीला विहीर हुती,” त्या म्हणाल्या. “पाणी गाळलं की फडक्यात जे ऱ्हातं ती जिवाणी. फडकं उलटं करायचं, गाळलेल्याच पाण्यानं धुवायचं, आणि ते पाणी परत त्याच विहिरीत सोडायचं. हितलं तिथं टाकायचं न्हाई. परक्या पाण्यात जीव मरत्यात. माझी आई मला बादलीची दोरी धरून शिकवायची. हे असं फडकं हाय न्हवं ते तुमच्या हातात? मग मला तेव्हाच का कळलं न्हाई, पावणं? फडकं म्हटल्यावर कळतं, आणि घाण म्हटली की कळत न्हाई.”

“पण हे बिराजदारांच्या पाण्यातले आहेत आक्का. आपल्या टाकीचं पाणी त्यांना परकंच.”

“मग वळख करून द्या थोडी थोडी. उठवा मला.”

हात काळे होते म्हणून मी खांदा पुढं करून त्यांना आधार दिला. त्यांनी मला टाकीतलं तांब्याभर पाणी आणायला लावलं आणि डब्यात घोटघोट करून घालायला लावलं, मध्ये थांबत थांबत, नव्या सुनेला घर दाखवावं तसं. मग स्पंज त्यातच दाबायला सांगितला. डब्यात काळं पाणी झालं. ते घेऊन मी टाकीपाशी गेलो आणि वरून ओतायला लागलो तर त्यांनी माझा हात धरला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा.

“वरनं वतू नका. लागतं त्यांना. डबा पाण्याला टेकवा, आणि मग कलता करा.”

मी डबा पाण्याला टेकवला. काळं पाणी सावकाश आत पसरलं. बघता बघता ती लखलखीत टाकी पावसाळ्यातल्या कृष्णेसारखी झाली. तिन्ही मासे दिसेनासे झाले. स्पंज मी यंत्रात बसवला.

आक्का टाकीकडं बघत होत्या. त्यांचे हात नुसते शिवशिवत होते, मला दिसत होतं.

“आता?”

“आता हात लावायचा नाही.”

“कुणी?”

“तुम्ही, आक्का.”

“बरं,” त्या म्हणाल्या. मी खात्रीनं सांगतो, उपास त्यांना यापेक्षा सोपा होता.

“आणि आता जेवा,” पलंगावरून सुव्रता म्हणाली. “सगळं कळलं ना?”

“मासे बरं झाले?”

“अजून नाही, पण—”

“मग? आणि उकळले त्यांचं मी देवाला सांगेन. ते त्याचं आणि माझं. तुम्ही त्यात पडू नका.”

सकाळी गाळ खाली बसला होता आणि तिसरा मासा मेलेला होता. मी आक्कांना तोंड दाखवायचं टाळत होतो, पण त्यांनी विचारलंच. सांगितलं. त्या दिवशी त्या बस्तीत जाऊ शकल्या नाहीत, भिंतीला टेकून सुव्रताच्या पलंगाशेजारी बसून राहिल्या. ओठ सुकलेले. डॉक्टरांचा माणूस तपासून गेला आणि जाताना मला बाहेर बोलावून म्हणाला, उद्या न्यावं लागणार. मी रजा टाकली. दोन मासे, एक म्हातारी, एक मोडका पाय, आणि मी. मी ठरलेलं तेवढं पाणी बदलायचो आणि बसायचो. इतकी वर्षं ज्यांना तळताना बघितलं त्यांच्याकडं मी हात जोडले, हे आज सांगायला हरकत नाही. अरे बाबांनो, म्हटलं, माझ्यासाठी नको, तिच्यासाठी जगा.

दुपार टळल्यावर दोघांतला लहान मासा खाली गेला. मला वाटलं, संपला. पण तो तळाशी गोट्यांना तोंड लावून फिरत होता. मग मोठाही खाली उतरला. संध्याकाळपर्यंत दोघंही वर धापा टाकायला आले नाहीत. मी काही बोललो नाही, नजर लागेल म्हणून. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर बघितलं, तेव्हाही खालीच. कल्ल्यांचा रंग उतरला होता.

“आक्का,” मी म्हणालो, “या इकडं. खायला घालून बघू या.”

सुव्रताही एका पायावर उड्या मारत आली. मी चिमूटभर दाणा टाकला. मोठ्यानं त्याकडं बघितलंसुद्धा नाही. लहान मात्र वर आला, तोंडात घेतला, थुंकला, परत घेतला आणि गिळला. मग मोठ्यानं त्याच्या पुढ्यातला दाणा पळवला आणि लहान त्याच्या मागं लागला.

“भांडालेत,” आक्का म्हणाल्या. आणि त्या हसल्या. “भांडालेत म्हंजे जगलेत.”

पारण्याची खबर गल्लीत कशी पोचली ते मला माहीत नाही. इंदुमतीकाकू मुगाचं कढण घेऊन आल्या, त्यांच्या मागं बस्तीतल्या आणखी दोघीतिघी. आक्का पाटावर बसल्या. पहिला घोट घेतला तेव्हा सुव्रताचा बांध फुटला. काकू टाकीत वाकून वाकून बघत होत्या.

“पावणं, जिंकलासा हो तुम्ही,” त्या मला म्हणाल्या. “राजमतीआक्कांचा शब्द राखलासा.”

“कसला शब्द?”

“तुम्हाला सांगितलं न्हाई व्हय? आता वाईट मानू नका. दुसरा मासा मेला त्या दिवशी बस्तीत आमच्यात बोलणं निघालं. कुणीतरी म्हटलं, मासे खाणाऱ्या घरातला जावई, त्याच्या हातानं मासे जगणार कसे? मारायचीच सवय. तर आक्का तिथंच उठल्या की. म्हणाल्या, ‘मेले ते माझ्या हातानं मेले. माझा जावई दर्यावरचा हाय, त्याच्या हातनं ते जगतील. आणि जगस्तोवर मी अन्न घेणार न्हाई.’ देवापुढं म्हणाल्या, सगळ्यांच्या देखत.”

“इंदू,” आक्का कढणाची वाटी तोंडापासून न हलवता म्हणाल्या, “तुला कुणी विचारलं हुतं?”

मी भिंतीला टेकून उभा होतो. रोज सकाळी तोंडाकडं बघून त्या जे विचारत होत्या, ते मला आत्ता ऐकू आलं. ती तपासणी नव्हती. उपाशीपोटी त्यांनी माझ्यावर पैज लावली होती, आणि मी त्यांना लाजेनं खाली मान घालून उत्तरं देत होतो.

बायका गेल्यावर मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो.

“आक्का, मला माशांतलं काही कळत नाही हो. आमच्याकडं मेलेलाच मासा ओळखतात. जगवायचा कसा, ते मला ठाऊकच नव्हतं.”

“ते मला दुसऱ्या दिवशीच कळलं,” आक्का म्हणाल्या. “टाकीपुढं बसून तुम्ही नुसतं डोकं खाजवत हुता.”

“मग तरी?”

“मग काय? बोलून बसलो हुतो न्हवं. आणि ताट तसंच ठिवून उठत हुता तुम्ही. माशांचं कळत नसंल, पर माणूस बसलाय तर जीव लावून, म्हटलं.”

“आणि ते दोघंही मेले असते तर?”

आक्कांनी वाटी पुसून खाली ठेवली.

“तर मी उपाशी ऱ्हायलो असतो की. पर तुम्हाला नाव ठेवू दिलं नसतं कुणाला.”

मी वाटी उचलली आणि धुवायच्या निमित्तानं परड्यात गेलो. बराच वेळ मला आत येता येईना.